दोन जीबी दुपारीच संपतो. ऑनलाइन कॅसिनोच्या खेळांना नेट लागतं तरी किती?

उद्यमनगरी (रविवार, रात्री ९.१२)

नमस्कार मंडळी. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझं लेथचं छोटं वर्कशॉप आहे. भाचा गारगोटीकडचा, शिकायला आमच्याकडं असतो. संध्याकाळी दोन तास शॉपमध्ये मदत करतो. पोरगं गुणी आहे, हे आधीच सांगतो.

त्याचं रिचार्ज मीच मारतो. दिवसाला दोन जीबीचा प्लॅन आहे. गेले दोन महिने त्याचं नेट दुपारी एक-दीडलाच संपतं आणि मग "मामा, जरा हॉटस्पॉट चालू करा" सुरू होतं. परवा माझंही संपलं. गिऱ्हाइकानं जॉबचं ड्रॉइंग व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेलं, ते उघडता उघडेना. तेव्हा डोक्यात आलं की पाणी मुरतंय कुठंतरी.

काल जेवताना त्याचा फोन दिसला. हिरवं टेबल, एक बाई पत्ते वाटतेय, खाली आकडे पळतायत. विचारलं तर म्हणाला, "कॅसिनोची गेम आहे मामा. फुकटातली आहे. आणि याला नेट काही लागत नाही, दहा-वीस एमबी."

मला दोन गोष्टी कळून घ्यायच्यात. या खेळांना खरंच किती डेटा लागतो? आणि डेटाच्या आकड्यावरून पोरगं काय खेळतंय, किती वेळ खेळतंय हे कळतं का? फोन हिसकावून घ्यायचा नाही मला. आधी समजून घेतो, मग त्याच्याशी बोलतो.

रंकाळ्याचा वारा (रात्री ९.२०)

दहा-वीस एमबीत बाई पत्ते वाटत नाही भावा. एवढ्यात तिचा फक्त फोटो येतो.

टॉवरखाली (रात्री ९.५८)

मी बारा वर्षं मोबाइल नेटवर्कच्या देखभालीच्या कामात आहे. भाचा अर्धं खरं बोलतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

डेटाच्या दृष्टीनं या खेळांच्या दोन जाती. पहिल्या जातीत सगळं चित्र तुमच्या फोनमध्येच तयार होतं. स्लॉट, म्हणजे ती फिरणारी चित्रांची चाकं, किंवा विमान वर वर चढतं आणि मध्येच गायब होतं तो खेळ. पहिल्यांदा उघडताना चित्रं आणि आवाज उतरवून घेतात, त्यात दहा-वीस, कधी चाळीस-पन्नास एमबी जातात. नंतर बटण दाबलं की फोन सर्व्हरला एवढंच कळवतो की यानं दहा रुपये लावले. सर्व्हर कळवतो की ही चित्रं आली, गेले पैसे. हे सगळं बोलणं काही केबीचं. चाकं फिरवतो तो तुमचा फोन. निकाल बटण दाबताक्षणीच लागलेला असतो, फिरणं नुसतं डोळ्यांसाठी.

दुसरी जात लाइव्ह टेबलची. तिथं खरा माणूस खऱ्या टेबलावर पत्ते वाटतो किंवा चाक फिरवतो, आणि कॅमेऱ्यातून ते चित्र तुमच्यापर्यंत येतं. लाटव्हिया देशातल्या रीगा शहरात असे मोठमोठे स्टुडिओ आहेत. खरं तर पत्ता कुठला निघाला हे तिथलं यंत्र वाचतं आणि तो निकाल वेगळा, चार अक्षरांत येतो. व्हिडिओ येतो तो तुमचा विश्वास बसावा म्हणून. पण डेटा खातो तो व्हिडिओच.

गणित असं. नेटचा वेग बिटमध्ये मोजतात, पॅक बाइटमध्ये. आठ बिटचा एक बाइट. सेकंदाला १ मेगाबिट या वेगानं व्हिडिओ आला तर तासाला ४५० एमबी. ४८०पी, म्हणजे मध्यम स्पष्टतेचं चित्र, साधारण याच्या आसपास बसतं. ७२०पी असेल तर दुपटी-अडीचपटीनं, म्हणजे तासाला एक जीबीच्या घरात. रेंज चांगली असली की अ‍ॅप आपोआप भारी चित्र मागवतं, तुम्हाला विचारत नाही.

तेव्हा दोन जीबी म्हणजे लाइव्ह टेबलाचे दोन ते चार तास.

उद्यमनगरी (रात्री १०.०६)

दोन ते चार तास! आणि कॉलेज कधी करतो मग?

पंचगंगा घाट (रात्री १०.१५)

टॉवरखाली, स्लॉटबद्दलचं पटलं नाही. मी स्वतः बघितलंय. मागं एका अ‍ॅपवर तासभर नुसता स्लॉटच खेळत होतो, तीनशे एमबी गेले. तुमचे "काही केबी" कुठं गेले?

टॉवरखाली (रात्री १०.३१)

एकच स्लॉट खेळत होता की बदलत होता? प्रत्येक नवा खेळ उघडला की त्याची चित्रं नव्यानं उतरतात. दहा खेळ उघडून बघितले की तिथंच तीनशे होतात. शिवाय खेळांची यादी असलेलं पहिलं पान बघा, तिथं आजकाल प्रत्येक चौकोनात छोटा व्हिडिओ हलत असतो. जाहिराती वेगळ्याच. आणि व्हीपीएन (आपलं नेट दुसरीकडून वळवून नेणारं अ‍ॅप) लावलं असेल तर प्रत्येक पुडक्यावर आणखी एक कागद गुंडाळल्यासारखं होतं, थोडं वजन तिथंही वाढतं.

पंचगंगा घाट (रात्री १०.३४)

बदलत होतो. बरोबर. व्हीपीएन पण होतं.

मिरजकर तिकटी (रात्री १०.४०)

गगनबावड्याला जाताना करूळ घाटाच्या तोंडाशी माझं व्हॉट्सअ‍ॅपसुद्धा चालत नाही. तिथं पोराला ठेवा महिनाभर. नेट वाचेल, भातलावणी पण शिकेल.

रंकाळ्याचा वारा (रात्री १०.४२)

आणि येताना नाचणीची भाकरी खाऊन येईल. आयडिया बेस्ट आहे.

नववी गल्ली मोबाइल (रात्री ११.०५)

माझं राजारामपुरीत रिचार्ज आणि रिपेअरिंगचं दुकान आहे. उद्यमनगरी, तुमच्यासारखे पालक आठवड्याला दोन-तीन तरी येतात. "मोबाइलला काहीतरी झालंय, नेट लवकर संपतंय" म्हणतात. मोबाइलला काही झालेलं नसतं.

बघायचं कसं ते सांगतो. अँड्रॉइडला सेटिंगमध्ये नेटवर्क, मग सिम, त्यात अ‍ॅपनुसार डेटा वापर दिसतो. कंपनीप्रमाणं नाव जरा वेगळं असेल, पण सापडतं. प्रत्येक अ‍ॅपवर दाबलं की समोर उघडं असताना किती आणि मागं बंद असताना किती, असे दोन आकडे दिसतात. दुसरा आकडा मोठा असला की मला शंका येते. ही बरीचशी कॅसिनोची अ‍ॅप प्ले स्टोअरमधून आलेली नसतात, टेलिग्रामवर कुणीतरी फाइल दिलेली असते. त्यातली काही फोन मागच्या मागं कशाकशाला वापरतात. असलं अ‍ॅप दिसलं तर काढून टाका, आणि "अनोळखी अ‍ॅप इन्स्टॉल" ची परवानगी बंद करा.

एक मेख आहे. पोरगं ब्राउझरमध्ये खेळत असेल तर कॅसिनोचं नाव यादीत कुठंच येणार नाही, सगळा आकडा क्रोमच्या नावावर पडेल. आयफोनवाल्यांनी लक्षात ठेवा, तुमच्याकडचा आकडा महिन्याला आपोआप शून्य होत नाही. हातानं रीसेट केला नसेल तर तो फोन घेतल्यापासूनचा असू शकतो. एका बाईंनी तो बघून पोराला विनाकारण मारलं होतं.

आणि तुम्ही हॉटस्पॉट देताय ना, तुमच्याच फोनच्या यादीत "हॉटस्पॉट" असा वेगळा आकडा असतो. भाच्याच्या फोनला हात न लावता निम्मं उत्तर तिथंच मिळेल.

गडहिंग्लजच्या बाई (सोमवार, सकाळी ७.१०)

नववी गल्ली, ते शेवटचं फार कामाचं सांगितलंत. पोराच्या नकळत फोन उघडला की विश्वास जातो आणि तो परत आणायला वर्षं लागतात. मी माध्यमिक शाळेत शिकवते. अकरावी-बारावीला गेलेली माझी मुलं पुढं भेटतात, तेव्हा हेच सांगतात.

भुदरगडकर (सकाळी ९.४८)

उद्यमनगरी दादा, रात्रीच धागा वाचला. लिहू की नको करत होतो. लिहितोच.

टॉवरखाली साहेबांनी सांगितलेला तो विमानाचा खेळ मी आठ महिने खेळलो. आमच्याकडं शेतीपंपाची लाईट आठवड्यातनं काही दिवस रात्री असते. उसाला पाणी पाजायला रात्री मळ्यात जायचं, मोटर चालू करायची आणि बांधावर बसायचं. दार मोडून पाणी दुसऱ्या सरीला लावेपर्यंत हातात फोन. एका मित्रानं लिंक पाठवली. पहिल्या रात्री चारशे रुपयांचे अकराशे झाले. तेवढं पुरलं मला.

माझा प्लॅन दीड जीबीचा. संध्याकाळीच रील्स बघून संपलेला असायचा. डेटा संपला तरी नेट पूर्ण बंद होत नाही, लई हळू होतं. व्हिडिओ चालत नाही, फोटो उघडत नाही. पण विमान उडतं, दादा. एकदा तो खेळ उघडा असला की त्या हळू नेटवर पण झकास चालतो. यूपीआय पण चालतं. माझे जास्तीत जास्त पैसे नेट संपल्यानंतर गेलेत.

वडलांच्या खात्यावर उसाचं बिल जमा झालं होतं. त्यांच्या फोनचा पिन मला माहीत, कारण दुधाचं दहा दिवसांचं बिल मीच बघायचो. एका आठवड्यात ब्याऐंशी हजार गेले. आईला कळलं तेव्हा ती काही बोलली नाही. उठली आणि गोठ्यात जाऊन बसली. अजून डोळ्यांसमोरनं जात नाही ते.

त्या महिन्यात घरात सगळ्यात कमी नेट मी वापरलेलं. वडील उलट म्हणत होते, पोरगं आता मोबाइल कमी बघतंय.

उद्यमनगरी (सकाळी १०.०२)

भावा, वाचून हात थांबला. लिहिलंस ते फार बरं केलंस.

टॉवरखाली (सकाळी १०.२०)

भुदरगडकर म्हणतायत ते तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे आणि माझ्या कालच्या पोस्टमध्ये ते राहिलं. रोजचा कोटा संपला की बहुतेक प्लॅनमध्ये वेग ६४ केबीपीएसवर (सेकंदाला ६४ किलोबिट) येतो. म्हणजे सेकंदाला ८ केबी, तासाला जेमतेम २८-२९ एमबी. एवढ्या वेगात लाइव्ह टेबल पहिल्याच मिनिटाला गोठतं. पण स्लॉट आणि विमानाला एवढंही लागत नाही. डेटा संपला म्हणजे खेळ थांबला, असं समजू नका.

जुना बुधवार (सकाळी ११.३०)

वय ६८. आमच्या पेठेत मटका काय कमी होता का? न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडते आणि बंद भाव, त्यावर मुंबईत आकडा लावायचे. ते बंद पडलं तर १९६२ पासून मडक्यातून चिठ्ठ्या काढायला लागले. आमच्या पिढीतले लोक चहाच्या गाड्यावर बसून ओपन-क्लोजचा हिशेब करायचे. काही संसार बुडाले, बाकीचे तरले. प्रत्येक पिढीला तिचा नाद असतो. तुम्ही लोक नेटच्या एमबी मोजत बसलाय, पोराला तालमीत घाला, दोन महिन्यांत ताळ्यावर येईल.

भुदरगडकर (सकाळी ११.४१)

आजोबा, मानानं सांगतो. मटक्याचा निकाल दिवसातनं ठरलेल्या वेळीच लागायचा. मधल्या वेळात माणूस कामाला जायचा, डोकं थंड व्हायचं. माझा निकाल दहा-पंधरा सेकंदाला लागत होता. आणि आकडा घेणारा तुम्हाला ओळखत होता. मला तिकडं ओळखणारं कुणी नव्हतं.

जुना बुधवार (सकाळी ११.५५)

खरं आहे बाळा. आमच्या वेळी एक आकडा घेणारा होता, तो म्हणायचा, "तुझ्या पोरीचं बाळंतपण आहे, आज नको लावूस." शब्द मागं घेतो. तालमीचं मात्र मागं घेत नाही.

सायबर चौक (दुपारी १.२५)

मी एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. भुदरगडकरांनी जे भोगलं त्याचं गणित मांडते, कारण मला ते फार महत्त्वाचं वाटतं.

लाइव्ह रुलेट घ्या. युरोपियन चाकावर ३७ घरं, एका आकड्यावर जिंकलात तर ३५ पट नफा. ३७ वेळा लावून सरासरी एकदा जिंकणार, तर प्रत्येक शंभर रुपयांमागं साधारण २ रुपये ७० पैसे घराकडं राहतात. चाक खऱ्या माणसानं फिरवायचं, सगळ्यांनी पैसे लावेपर्यंत थांबायचं, म्हणजे मिनिटाला एक डाव धरू. दहा रुपयांचा डाव असेल तर तासाला ६०० रुपये टेबलावर आणि सरासरी तोटा १६ रुपये. टॉवरखालींच्या हिशेबानं डेटा मात्र ४५० एमबी ते एक जीबी.

आता स्लॉट. जाहिरातीत "९६ टक्के परतावा" लिहिलेलं असतं. ते खरं आहे असं क्षणभर धरू. सहा सेकंदाला एक डाव, तासाला ६०० डाव. दहा रुपयांप्रमाणं ६,००० रुपये फिरले, त्याचे चार टक्के म्हणजे तासाला सरासरी २४० रुपये तोटा. डेटा वीस-तीस एमबी.

डेटा विसाव्या हिश्श्यानं आणि तोटा पंधरा पट. ज्या खेळाला नेट कमी, तो वेगानं चालतो. वेगानं चालतो म्हणून पैसे जास्त ओढतो. आई-वडील बघतात डेटाचा आकडा. तो तर सगळ्यात हळू पैसे नेणाऱ्या खेळालाच मोठा दिसतो. आणि ९६ टक्के हे एखाद्या देखरेखीखालच्या खेळाचं. टेलिग्रामवरून आलेल्या फाइलमध्ये परतावा किती ठेवलाय, हे तपासायला कुणीही नाही.

"शंभरातले ९६ परत येतात" हे वाक्य मुलं चुकीचं समजतात, हेही सांगते. त्यांना वाटतं, हजार रुपये घेऊन बसलो तर ९६० घेऊन उठेन. पण ते ९६ प्रत्येक डावाला आहेत. परत आलेले पैसे पुन्हा लावले की त्यांचेही ९६ टक्के, पुन्हा लावले की पुन्हा. हजार रुपये कसे संपतात ते तिथं कळतं.

पंचगंगा घाट (दुपारी १.५०)

मॅडम, हे मला तीन वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर...

मिरजकर तिकटी (दुपारी २.१५)

ज्याला खेळायचंच आहे त्यानं सरळ गोव्याला मांडवीत बोटीवर जावं. इथनं पणजी दोनशे किलोमीटरच्या वर. आंबोली घाटात भजी खाऊन होईपर्यंत निम्मा नाद उतरतो.

सनदवाला (दुपारी ३.४०)

गोव्याचा विषय निघालाच आहे तर कायद्याचं सांगतो. गोव्याचा कायदा तिथल्या ठरलेल्या कॅसिनोंपुरता आहे. महाराष्ट्रातही १९७६ साली कॅसिनोचा कायदा झाला होता, पण तो कधी अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये रद्दच केला. आपल्याकडं जुगारबंदीचा कायदा १८८७ सालचा.

ऑनलाइनचं वेगळं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. (आपल्या कोल्हापुरातल्या हायकोर्टाच्या सर्किट बेंचचं उद्घाटन १७ ऑगस्टला झालं, त्याच आठवड्यात, म्हणून तारीख पक्की लक्षात आहे.) पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ, मग तो नशिबाचा असो की कौशल्याचा, पुरवणं बेकायदा ठरवलं. पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत आणि पन्नास लाखांपर्यंत. पैशाचे व्यवहार करून देणाराही त्यात येतो. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. त्याला फसवला गेलेला माणूस म्हणून बघितलंय.

म्हणून उद्यमनगरी, भाच्याला पोलिसांची भीती घालू नका. भीती घातली की तो लपवेल. पण एक विचारा : पैसे भरले असतील तर कुणाच्या नावावर गेले?

नववी गल्ली मोबाइल (दुपारी ४.०५)

सनदवाल्यांचा प्रश्न बरोबर आहे. आणि उद्यमनगरी, तुम्ही म्हणता दुपारी एकला नेट संपतं. रोजचा कोटा रात्री बाराला नव्यानं सुरू होतो. पोरगं बारानंतर जागं असतं का ते बघा. माझ्या दुकानात सकाळी दहालाच जादा डेटाचं छोटं पॅक मारायला येणारी पोरं असतात, डोळे लाल असतात त्यांचे.

गडहिंग्लजच्या बाई (संध्याकाळी ६.३०)

बोलताना "किती हरलास" पासून सुरुवात करू नका. "कधीपासून झोप नीट नाही" असं विचारा. मुलगा त्या प्रश्नाला उत्तर देतो, आणि तिथूनच पुढं उलगडत जातं. अगदीच खचलेला वाटला तर मानसिक आधारासाठी टेली मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात. मी एका विद्यार्थ्याला शेजारी बसवून लावून दिला होता. पहिला कॉल एकट्यानं करवत नाही, कुणीतरी जवळ लागतं.

उद्यमनगरी (बुधवार, रात्री १०.२०)

मंडळी, काल रात्री बोललो. सगळं सांगतो.

आधी माझ्या फोनमधला हॉटस्पॉटचा आकडा बघितला. या महिन्यात ९ जीबी. तोच त्याच्यासमोर ठेवला आणि बाईंनी सांगितलं तसं झोपेचं विचारलं. पाच मिनिटं गप्प बसला. मग स्वतःच फोन माझ्या हातात दिला.

महिन्याच्या ५२ जीबीपैकी क्रोम ३१ जीबी, सगळा समोर उघडं असतानाचा. टेलिग्राम १२ जीबी. त्याच्या एका ग्रुपवर रोज "आजचा सिग्नल" म्हणून व्हिडिओ येतात, आपोआप उतरतात. बाकी रील्स वगैरे. वेगळं अ‍ॅप नव्हतं, नववी गल्ली म्हणाले तसंच.

हिरव्या टेबलावरच्या बाईचा खेळ तो रात्री बारा ते दोन बघतो आणि उरलेलं नेट कॉलेजच्या मधल्या सुट्टीत संपवतो. तिथं त्यानं पैसे फार लावले नाहीत, नुसतं बघत बसायचा, शिकतोय असं वाटायचं त्याला.

मग यूपीआयची यादी उघडली. दोन महिन्यांत १८,४०० रुपये. सायबर चौक मॅडम, तुमचा हिशेब आठवला म्हणून मी वेळा बघत गेलो. दोन-तीन सोडले तर सगळे व्यवहार दुपारी दीडनंतरचे, नेट संपल्यानंतरचे. विमानाचा खेळ. मी दोन महिने ओरडत होतो ते त्या बाईच्या टेबलावरून, आणि पैसे चालले होते तिसऱ्याच दारानं, जेव्हा मी समजत होतो की चला, आता याचं नेट संपलं, पोरगं अभ्यासाला बसलं.

पैसे प्रत्येक वेळी वेगळ्या माणसाच्या नावावर गेलेत. एकही कंपनीचं नाव नाही. आणि ग्रुपवाल्यानं गेल्या आठवड्यात त्याला विचारलंय, "तुझं खातं वापरायला दे, टक्का देतो." दिलं नाही म्हणतो. मला वाटतं खरं बोलतोय.

पैसे त्यानं शॉपमध्ये मी देत होतो त्या पगारातून आणि बहिणीनं मेससाठी पाठवलेल्यातून भरले. दोन महिने दुपारचं जेवलेलं नाही पोरगं. वडापाववर काढलेत. हे कळलं आणि बायकोला रडू आवरेना.

टॉवरखाली (रात्री १०.३८)

क्रोमचे ३१ जीबी, तासाला सरासरी सातशे एमबी धरले तर पंचेचाळीस तास होतात. सगळं क्रोम त्याचंच नसेल, तरी चाळीसच्या आसपास तास झोपेतले गेले. टेलिग्रामच्या सेटिंगमध्ये मोबाइल डेटावर मीडिया आपोआप उतरवणं बंद करा. तो ग्रुप मात्र लगेच पुसू नका, सनदवाले काय म्हणतात बघा.

सनदवाला (रात्री १०.५०)

हेच लिहायला आलो. ग्रुप, मेसेज, व्यवहारांचे क्रमांक, ज्या नावांवर पैसे गेले ती नावं, सगळ्याचे स्क्रीनशॉट आधी काढून ठेवा. मग १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा आणि सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवा. जुने पैसे परत मिळणं अवघड असतं, पण जितकं लवकर तितकं बरं.

खातं वापरायला दिलं नाही ही फार मोठी गोष्ट झाली. अशा भाड्याच्या खात्यांतूनच हा पैसा फिरतो, आणि पोलीस पहिल्यांदा पोहोचतात ते खातेदाराच्या दारात. वीस वर्षांच्या पोराचं खातं गोठतं, नोकरीच्या वेळी अडचण येते. मी अशी प्रकरणं बघितलीत. भाच्याला माझ्यातर्फे शाबासकी द्या, तिथं तो थांबला म्हणून.

जुना बुधवार (रात्री ११.००)

पोराला आधी दोन वेळचं पोटभर जेवायला घाला.

गडहिंग्लजच्या बाई (रात्री ११.०४)

आजोबांच्या वाक्याला माझं पूर्ण अनुमोदन.

उद्यमनगरी (रात्री ११.१५)

आज दुपारचा डबा शॉपवर माझ्याबरोबरच खाल्ला त्यानं. रिचार्जचं काय करू ते सांगा. छोटं करू की तेच ठेवू? कॉलेजचं सगळं ऑनलाइनच असतं.

सायबर चौक (रात्री ११.२२)

छोटं करून उपयोग नाही, ज्या खेळानं पैसे गेले त्याला नेट लागतच नाही. प्लॅन आहे तोच ठेवा. यूपीआयची रोजची मर्यादा त्याच्याच हातानं कमी करून घ्या, बँकेच्या अ‍ॅपमध्ये करता येते. आणि रात्री फोन हॉलमध्ये चार्जिंगला, घरातल्या सगळ्यांचे, तुमचाही.

भुदरगडकर (रात्री ११.३०)

दादा, वर्ष झालं मला सुटून. पहिले पंधरा दिवस संध्याकाळ झाली की हात शिवशिवतात, त्याला सांगून ठेवा, म्हणजे घाबरणार नाही. शनिवारी मोटरचं काम घेऊन उद्यमनगरात येतोय. त्याची हरकत नसेल तर शॉपवर येतो, दहा मिनिटं बसतो त्याच्याबरोबर. गारगोटीचाच आहे म्हणालात, ओळखीचं कुणी निघेलही.

उद्यमनगरी (रात्री ११.४१)

त्याला विचारलं. शेजारीच बसलाय. "येऊ देत" म्हणाला. पत्ता निरोपातून पाठवतो. जेवायलाच या.